ल्यूथरच्या घरची पंगत

मोठ्या पुरुषांचीं चरित्रें लिहितांना लेखक त्यांस बहुधा सभामंडपांत उभे करितात. स्वयंपाकघराच्या दाराशीं त्यांस कोणी नेत नाहीं. मार्टिन ल्यूथरचीहि तीच गत झाली आहे. त्यानें पोपच्या सत्तेस आव्हान दिलें आणि बायबल जर्मन भाषेंत आणिलें, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. परंतु हाच पुरुष जेवावयास बसला म्हणजे कसा बोले, बायकोची थट्टा कशी करी, मुलांस काय सांगे आणि त्या थट्टेंतूनच ईश्वराची आठवण कशी काढी, हें सहसा सांगितलें जात नाहीं. घरच्या माणसांत रोज थोडें हंसावें व त्यांना हंसवावें, हें त्याच्या दृष्टीनें फावल्या वेळचें काम नव्हतें. तसें कां, हें समजण्यास त्याच्या घरांतच शिरलें पाहिजे.

एल्ब नदीच्या कांठीं विटेंबर्ग गांवीं ऑगस्टिनी संन्याशांचा एक मठ होता. ल्यूथर त्याच मठांत संन्यासी म्हणून राहिलेला. धर्मसुधारणेच्या लाटेंत बाकीचे संन्यासी निघून गेले आणि मठ ओस पडला. १३ जून १५२५ रोजीं एक्केचाळीस वर्षांच्या ल्यूथरनें सव्वीस वर्षांच्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशीं लग्न केलें. तीहि दोन वर्षांपूर्वीं जोगिणींचा मठ सोडून आलेली होती. १५२६ पासून १५३४ पर्यंत त्यांस तीन मुलगे व तीन मुली झाल्या. जेथें पूर्वीं मौन पाळीत तेथें पाळणा हालूं लागला. त्यांच्या जोडीस ल्यूथरच्या बहिणींचीं पोरकीं मुलें, कॅथरिनेची वृद्ध आत्या, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी आणि आला-गेला पाहुणा असा मोठा गोतावळा तेथें नांदत असे.

ल्यूथरचा हात देण्यास सैल. प्रपंचाचा मेळ कॅथरिना घाली. तिनें गुरें व डुकरें पाळिलीं, बाग लाविली, घरीं बीअर गाळली, पुढें झुल्सडॉर्फ येथें शेत मिळविलें. नवऱ्याच्या औदार्यानें घर चालविणाऱ्या बाईची कशी तारांबळ होते, आणि ती तारांबळ हंसत हंसत कशी सांगतां येते, हें ज्यांनीं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचलें आहे त्यांस हें विटेंबर्गचें घर परकें वाटणार नाहीं. ल्यूथर बायकोस ‘श्रीमान् कॅथे’ असें पुरुषी बिरुद लावून हांक मारी, कारण घरांत हुकूम तिचाच चाले!

१५३१ च्या सुमारास या घरीं एक नवाच प्रघात पडला. पंगतीस बसणारे विद्यार्थी व मित्र ल्यूथरचें बोलणें तेथल्या तेथें टिपूं लागले. थोडें लॅटिन, थोडें जर्मन, जसें तोंडांतून निघे तसें. बायबलांतील एखाद्या कठीण वचनापासून बोलणें निघे. तें एखाद्या म्हणीवर, म्हणीवरून इसापाच्या गोष्टीवर, तेथून पक्षी, आजार व औषधें यांवर येई. एकदां घरचा कुत्रा मांसाच्या तुकड्याकडे टक लावून बसला होता. तें पाहून ल्यूथर म्हणाला कीं, या प्राण्याचें चित्त मांसावर जसें आहे तसें आपलें प्रार्थनेंत असतें तर किती बरें झालें असतें! ऐकणारा हंसतो आणि हंसतां हंसतां चपापतो. हे टांचणवाले लोक पाहून कॅथरिना एकदां नवऱ्यास म्हणाली कीं, यांना फुकट शिकवूं नये, यांनीं पुष्कळ गोळा करून ठेविलें आहे. त्यावर, तीस वर्षें फुकट शिकविलें, आतां म्हातारपणीं विकावयास कशाला बसूं, असा त्याचा जबाब होता.

पंगतींत निघालेलें सर्वच खरें असे असें नाहीं. १५३९ सालीं पृथ्वी फिरते असें म्हणणाऱ्या एका नव्या ज्योतिष्याची वार्ता तेथें निघाली. यहोशवानें थांबण्याची आज्ञा सूर्यास केली होती, पृथ्वीस नव्हे, असें म्हणून ल्यूथरनें ती उडवून लाविली. चारच वर्षांनीं कोपर्निकसचा ग्रंथ छापून बाहेर पडला. तरी जगाची नवी बातमी घरच्या पानावर यावी आणि लहानथोरांनीं तिच्यावर बोलावें, ही रीत मात्र चांगलीच.

या विनोदाचा खरा कस लागला तो १५३० सालीं. त्या वर्षीं ऑग्सबर्ग येथें बादशहाची राजसभा भरली. ल्यूथरवर बहिष्काराचा हुकूम असल्यामुळें त्यास तेथें जातां येईना; एप्रिलपासून तो कोबर्गच्या किल्ल्यांत राहिला. खिडकीबाहेर कावळ्यांचे थवेच्या थवे जमत. त्यानें घरच्या पंगतीच्या मंडळींस लिहिलें कीं, येथेंहि एक राजसभा भरली आहे; सर्व सरदार एकजात काळ्या पोशाखांत आहेत आणि गहूं व जव यांवर स्वारी करण्याचा त्यांचा बेत ठरत आहे. आपल्या धर्माचें भवितव्य ज्या सभेंत टांगलेलें, तिच्याविषयींची धास्ती त्यानें अशी हलकी करून घरीं धाडिली.

थोड्याच दिवसांनीं, ५ जून रोजीं, त्यास वडील वारल्याची वार्ता कळली. बरोबर असलेल्या तरुण सहाय्यकानें कॅथरिनेस कळविलें कीं, पत्र वाचतांच ते स्तोत्रसंहिता घेऊन खोलींत गेले व पुष्कळ रडले. कॅथरिनेनें धाकट्या मॅग्डालेनाचें चित्र पाठविलें होतें. तें त्यास प्रथम ओळखूं येईना. मग त्यानें तें जेवणाच्या मेजासमोर भिंतीवर लाविलें. आणि १९ जून रोजीं, पितृशोकाच्या दोन आठवड्यांच्या आंत, त्यानें चार वर्षांच्या हान्सला पत्र लिहिलें. त्यांत एक सुंदर बाग आहे. तेथें मुलें सफरचंदें व चेरी वेंचतात, सोन्याचे लगाम घातलेल्या तट्टांवर बसतात, आणि प्रार्थना व अभ्यास करणाऱ्या मुलांस तेथें प्रवेश मिळतो. हान्सच्या दोघां सोबत्यांस आणि आत्याबाईंसहि तेथें जागा ठेविली आहे! स्वर्गाची कल्पना लेंकरास कळेल अशी कशी सांगावी, याचा हा उत्तम पाठ आहे. तो लिहिणाऱ्याचे डोळे नुकतेच सुकले होते.

हें कसें साधलें? त्याच उन्हाळ्यांत हान्सचा शिक्षक हिएरोनिमुस वेलर यास लिहिलेल्या पत्रांत याची किल्ली सांपडते. वेलरचें मन उदासीनतेनें ग्रासलें होतें. ल्यूथरनें त्यास कळविलें कीं, एकटें राहूं नये, माणसांत बसावें, घरांतील मंडळींशीं थट्टा-मस्करी करावी. असली उदासी सैतानाकडून येते आणि हंसणाऱ्या माणसांपुढें सैतानाचें चालत नाहीं. हा उपदेश अनुभवाचा होता. ल्यूथर स्वतः अशा काळोखांतून अनेकदां गेला होता. म्हणूनच घरांतील आनंद त्यास औषधाप्रमाणें रोज वांटण्याजोगा वाटे.

या औषधाची मर्यादाहि त्यास कळली. २० सप्टेंबर १५४२ रोजीं तेरा वर्षांची मॅग्डालेना बापाच्या डोळ्यांदेखत गेली. येथल्या बापापाशीं राहशील कीं तेथल्या पित्याकडे जाशील, असें त्यानें तिला विचारलें. ईश्वराच्या इच्छेप्रमाणें, असें तिचें उत्तर. ती सुखांत आहे हें ठाऊक असूनहि मन इतकें दुःखी कसें, याचें त्यास नवल वाटे. तेथें त्यानें विनोद केला नाहीं, तो रडला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हीच जीभ घराबाहेरच्या प्रतिपक्षावर चाले तेव्हां तिचें विष होई. १५४३ सालीं त्यानें यहुदी लोकांविरुद्ध लिहिलेला ग्रंथ द्वेषानें भरलेला आहे, आणि त्याचें समर्थन कोणत्याहि श्रद्धेनें होणार नाहीं. हंसणारा व ज्यास हंसावयाचें तो, दोघे एका पंगतीचे असतात तोंवरच विनोद निर्मळ राहतो. पंगतीबाहेरच्यास हंसूं लागला कीं तो नासतो.

१५४६ च्या जानेवारींत मान्सफेल्डच्या सरदारांचा तंटा मिटविण्यासाठीं आजारी ल्यूथर मुलांसह आइस्लेबेन या आपल्या जन्मगांवीं निघाला. वाटेंत नदीस पूर आलेला. त्यानें कॅथरिनेस लिहिलें कीं, एका मोठ्या बाईनें आम्हांस अडविलें. तिला आमचा पुन्हां बाप्तिस्मा करावयाचा होता! तरी कॅथरिनेस झोंप येईना. १० फेब्रुवारीच्या पत्रांत त्यानें तिला ‘पवित्र चिंतातुर बाई’ असें संबोधून तिचे उपहासानें आभार मानिले: तूं काळजी करूं लागल्यापासून आमच्या खोलीपाशीं आग लागली, डोक्यावर दगड पडतां पडतां चुकला, आणखी काळजी केलीस तर बहुधा धरणी आम्हांस गिळील. म्हणून प्रार्थना कर आणि काळजी ईश्वरास करूं दे.

आठ दिवसांनीं, १८ फेब्रुवारीस, ल्यूथर आइस्लेबेन येथेंच मरण पावला. म्हणजे कॅथरिनेची काळजी खोटी नव्हती. पण ल्यूथरनेंहि तिला कांहीं होणार नाहीं असें कोठें लिहिलें होतें? काळजी वाहणारा आपणांहून समर्थ आहे, एवढेंच त्यानें हंसत सांगितलें होतें, आणि तें सांगणें मरणानें खोटें पडलें नाहीं. कॅथरिना त्यानंतर युद्धाचे व दारिद्र्याचे दिवस काढून १५५२ सालीं वारली. पंगतींतलीं टांचणें १५६६ सालीं योहान्नेस ऑरिफाबर यानें छापून काढिलीं. घर रिकामें झालें होतें; पंगतींतलें बोलणें मात्र घरोघर जाऊन पोंचलें.