साहिवाल गोवंश : नामोत्पत्ती आणि इतिहास

भारतीय उपखंडातील बहुतेक गोवंशांची नावे त्यांच्या मूळ प्रदेशावरून पडलेली आहेत. गीर हे सौराष्ट्रातील अरण्याचे नाव, थारपारकर हे सिंधमधील जिल्ह्याचे, तर देवणी हे लातूर जिल्ह्यातील गावाचे. दुधासाठी नावाजलेला साहिवाल हा वंशही वरवर पाहता याच पंक्तीत बसतो, कारण साहिवाल हे पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील जिल्ह्याचे शहर आहे. (याच नावाचे एक गाव सरगोधा जिल्ह्यातही आहे, त्याच्याशी या नावाची गल्लत करू नये.) परंतु सरकारी पशुपैदास केंद्रांमध्ये या गाईंच्या दुधाच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, तेव्हा नकाशावर साहिवाल जिल्हा नव्हता. त्या जागी माँटगोमेरी जिल्हा होता.

रावी आणि सतलज या नद्यांमधील उंचवट्याचा कोरडा माळ 'बार' या नावाने ओळखला जाई. नदीकाठ सोडल्यास तेथे शेती फारशी नव्हती. खरल, काठिया, वट्टू इत्यादी जमाती गुरांचे कळप राखून उपजीविका करीत. उन्हाचा ताप सोसणे, गोचिडांना सहसा दाद न देणे, हलक्या चाऱ्यावरही दूध टिकवणे हे साहिवाल गाईचे गुण या माळावर आणि या पशुपालकांच्या निवडीतून घडले. एका वेतात साधारणतः १६०० ते २७५० किलो दूध देणारी ही गाय तांबूस-तपकिरी रंगाची, आखूड शिंगांची असते. तिच्या गळ्याखालची पोळी मोठी आणि कातडी सैल असते; या सैलपणामुळे तिला 'लोला' असेही म्हणत. 'लंबी बार' व 'मुलतानी' ही तिची आणखी दोन जुनी नावे.

साहिवाल हे मूळचे बारमधील एक खेडे. खरलांच्या साही नावाच्या शाखेवरून ते नाव पडले, असे मानले जाते. '-वाल' हा प्रत्यय पंजाबातील ग्रामनामांत विपुल आढळतो. १८५७ मध्ये राय अहमद खान खरल यांच्या नेतृत्वाखाली बारमधील जमातींनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ते मारले गेले. तेव्हा जिल्ह्याचे मुख्यालय गोगेरा येथे होते. पुढे लाहोर-मुलतान लोहमार्ग साहिवालवरून गेला. तेथे नवे मुख्यालय वसले आणि १८६५ मध्ये त्यास पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रॉबर्ट माँटगोमेरी यांचे नाव देण्यात आले. १८५७ च्या मे महिन्यात लाहोरजवळील मियाँ मीर छावणीतील शिपायांना निःशस्त्र केले गेले, त्या निर्णयात याच गृहस्थांचा प्रमुख वाटा होता. खरलांची आठवण सांगणारे नाव पुसून त्यावर हे नाव चढले, हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे.

साहजिकच सरकारी लेखनात या गुरांनाही 'माँटगोमेरी' म्हटले जाऊ लागले. बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी या गाईंचा कळप बाळगला. त्या काळच्या लेखनात दोन्ही नावे शेजारी शेजारी आढळतात. हळूहळू इंग्रजी नाव मागे पडले आणि साहिवाल रूढ झाले. शहराला व जिल्ह्याला मात्र जुने नाव परत मिळण्यास १९६६ साल उजाडावे लागले. गावाने गमावलेले नाव गाईने राखले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाव टिकले, पण माळ टिकला नाही. १९१३ मध्ये लोअर बारी दोआब कालवा सुरू झाला आणि बारमधील कुरणे नांगराखाली गेली. फाळणीनंतर या वंशाचा मूळ प्रदेश मुख्यतः पाकिस्तानात राहिला. भारतात फिरोजपूर, फाजिल्का, श्रीगंगानगर हा सीमेलगतचा पट्टा आणि कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेसारखी केंद्रे यांनी तो जपला.

संकरातून निपजलेल्या वंशांच्या नावांचा प्रवास याहून गमतीचा आहे. लष्करी दुग्धशाळांमध्ये होल्स्टीन-फ्रिजियन व साहिवाल यांच्या संकरातून 'फ्रीसवाल' तयार करण्यात आली. त्या नावात साही कुळ गळाले आणि केवळ प्रत्यय उरला. या लष्करी दुग्धशाळाही २०१९ मध्ये बंद झाल्या. 'जमैका होप' या वंशात जर्सीसोबत साहिवालचे रक्त आहे, परंतु नावात त्याची खूणही नाही. केनियात मात्र साहिवाल याच नावाने पोहोचली. नैवाशा येथे तिचे राष्ट्रीय पैदास केंद्र आहे आणि तेथील मसाई पशुपालक आपल्या कळपांत साहिवालचे संकर राखतात.