काळूचा पारा आणि खाडीतील कालवे

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या गाडीने शहाड सोडले की आंबिवली येते. जवळच मोहोने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे लोकांच्या तोंडी 'एनआरसी'चा, कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. त्याचे सांडपाणी काळू नदीत जाई. काळू उल्हासला मिळते, आणि कल्याणच्या पुढे उल्हासची खाडी होऊन ती घोडबंदरवरून वसईला समुद्रात जाते. त्या सांडपाण्यातील दोन धातूंची ही हकिगत आहे.

रेयॉन हा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून केलेला धागा. लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, त्याचा दाट द्राव करतात आणि तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडतात. या कुंडात झिंक सल्फेट असते. सांडपाण्यात जस्त येते ते येथून. कॉस्टिक सोडा मिळतो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. जुन्या पद्धतीत ऋणाग्र पाऱ्याचे असे. सोडियम पाऱ्यात विरघळतो, पुढे त्याची पाण्याशी गाठ घातली की सोडा तयार होतो आणि पारा पुन्हा वापरायला मोकळा. कागदावर पारा खर्चच होत नाही! प्रत्यक्षात तो धुण्याच्या पाण्याबरोबर, मिठाच्या गाळाबरोबर थोडा थोडा निसटतो. संशोधकांना काळूत आणि उल्हासच्या खाडीतील गाळात तो आढळला.

आता खाडीतील कालव पाहा. खडकाला चिकटलेला हा प्राणी अन्न शोधायला जात नाही. तो कल्ल्यांतून तासाला काही लिटर पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म वनस्पती व गाळाचे कण टिपतो. कणांना चिकटलेले धातूही आपसूक आत येतात. जस्त तर कालव इतके साठवते की त्याच्या शरीरातील प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या हजारो पट होते. मग कालवे खाणाऱ्या खेकड्यात जस्त त्याहून जास्त असेल का? बहुधा नाही. कालवातील बरेचसे जस्त कणांच्या रूपात बंदिस्त असते. त्यातील पुष्कळसे पचत नाही. शिवाय जस्त शरीराला लागतेच, त्यामुळे ते किती ठेवायचे आणि किती टाकायचे याची यंत्रणा बहुतेक प्राण्यांत आहे.

पाऱ्यासाठी अशी यंत्रणा नाही. पण साधा पाराही अन्नसाखळीत फारसा वर चढत नाही. त्याला शिडी मिळते ती चिखलात. खाडीच्या तळाशी, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे काही जीवाणू सल्फेटवर जगतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही. हे जीवाणू जाता जाता पाऱ्याला मिथिल गट जोडतात. हा मिथिल पारा आतड्यातून जवळजवळ सगळा शोषला जातो, प्रथिनांतील गंधकाला घट्ट बिलगतो आणि अतिशय सावकाश बाहेर पडतो.

फळ्यावर एक ढोबळ हिशेब मांडा. एक ग्रॅम वजन वाढवण्यासाठी कोळंबीने दहा ग्रॅम खाल्ले आणि त्यातील मिथिल पारा तिच्यातच राहिला, तर प्रमाण दहापट झाले. ती खाणाऱ्या माशात शंभरपट, त्याला खाणाऱ्या जिताड्यात हजारपट. निसर्गात आकडे एवढे गोल नसतात, पण दिशा हीच. म्हणून जस्त शोधायचे तर कालव तपासावे आणि मिथिल पारा शोधायचा तर शिकारी मासा. केवळ कालवे तपासून खाडीला निर्धोक म्हणणे मला धोक्याचे वाटते.

कालवांची किंवा शिणाण्यांची शेती केली, तर आणखी एक गोष्ट घडते. हजारो शिंपले पाणी गाळतात आणि त्यांची विष्ठा खाली एकाच जागी साचते. पाण्यात पसरलेला धातू असा तळाशी येतो. तेथे सेंद्रिय द्रव्य कुजून प्राणवायू संपतो, म्हणजे वर सांगितलेल्या जीवाणूंची सोयच.

माणूस या शिडीच्या टोकाला आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये मज्जासंस्थेचा जो रोग उघडकीस आला, तो मासे व शिंपले यांतून गेलेल्या मिथिल पाऱ्याचा. गर्भवतीच्या वारेतून तो बाळाच्या मेंदूपर्यंत गेला. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता. मासे शिजवून किंवा तळून पारा जात नाही, कारण तो मांसातच बांधलेला असतो.

पाऱ्याच्या पद्धतीने कॉस्टिक सोडा करणे आता मागे पडले आहे. उल्हासच्या खाडीत वरचा, नवा गाळ जुन्यापेक्षा स्वच्छ आढळतो. जुना पारा त्याखाली दबलेला आहे. रेतीसाठी खाडीचा तळ उपसला, की तो पुन्हा पाण्यात येतो.