गाणारा काउबॉय, कापलेलं रीळ

कमरेला पिस्तूल, हातात गिटार. जीन ऑट्रीच्या ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ (१९३५) या चित्रपटाने रिपब्लिक स्टुडिओला हा साचा सापडला. पुढे कराराच्या पैशांवरून ऑट्री रुसला आणि १९३८मध्ये त्याच्या जागी आलेल्या रॉय रॉजर्सचं नशीब उघडलं.

पन्नाशीच्या दशकात टीव्हीचा तासाभराचा खण भरण्यासाठी हे चित्रपट जेमतेम ५४ मिनिटांवर आणले गेले. कात्रीतून गाणीही सुटली नाहीत. पुरणपोळीतलं पुरण काढण्यातलाच प्रकार! रॉजर्सच्या बऱ्याच चित्रपटांचा कॉपीराइट २८ वर्षांनंतर नूतनीकरणाअभावी संपला. मग कुणीही उठावं नि टीव्हीसाठीच्या झिजलेल्या १६ मिमी प्रतींवरून स्वस्त डीव्हीडी काढावी. काही रंगीत चित्रपट त्यात चक्क कृष्णधवल दिसतात.

ऑट्री मात्र पक्का व्यवहारी. त्याने आपल्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले; म्हणूनच ते मूळ लांबीत, स्वच्छ करून डीव्हीडीवर आले. रॉजर्सचा ‘ट्रिगर, ज्युनियर’ (१९५०) पाहायचाच, तर किनो लॉर्बरची ब्लू-रे घ्यावी. दोनच रंगांवर भागवणाऱ्या ट्रूकलरमध्येही रॉजर्सचा सोनेरी घोडा ट्रिगर भाव खाऊन जातो. इतर डिस्क घेताना वेष्टनामागची मिनिटं आधी वाचा.