ओली जखम आणि समुद्रातले शेवाळ

दाभोळच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर हिंडणाऱ्या मुलांचे पाय कालवांच्या कडांनी हमखास कापतात. 'वाऱ्यावर सुकू दे, खपली धरेल' असे आपण सांगतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगातून वेगळेच दाखवले. पातळ प्लॅस्टिकने झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेत नव्या पेशींना कोरड्या खपलीखालून वाट काढावी लागते. ओल्या पृष्ठावर त्या सहज सरकतात.

पण ओल टिकवायची कशी? भिजवलेला सब्जा पाहा. लांबलचक शर्करा-साखळ्यांच्या जाळ्यात पाणी अडकून राहते. हेच जेल. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शेवाळात अशाच साखळ्यांचे अल्जिनेट असते. कॅल्शियमचा आयन दोन साखळ्यांना एकत्र बांधतो. कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी पाझरत्या जखमेवर ठेवली की द्रवातला सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, तंतू पाझर शोषून फुगतात आणि त्यांचे जेल बनते. पट्टी काढताना कोवळी त्वचा सोलवटत नाही. सुटलेले कॅल्शियम रक्त गोठण्यास मदत करते. कोरड्या जखमेवर मात्र ही पट्टी कुचकामी.

पट्टीतले अल्जिनेट शुद्ध आणि निर्जंतुक केलेले असते. किनाऱ्यावरचे शेवाळ किंवा परसातली कोरफड तशी नसते. म्हणून कालवाने पाय कापला तर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, झाकावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. सब्जा वर्गातल्या प्रयोगापुरताच.