आकाशातून ८०० विमानांनी बॉम्ब टाकले, तरी नदीकाठच्या मशीनगन बंद केल्या त्या नगरच्या नामदेव जाधवांनीच

पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावात इटली म्हटलं की लोकांना आठवतो तो एमआयडीसीतला फियाटचा कारखाना. पण याच रस्त्याने पुढे लागणाऱ्या नगर जिल्ह्यातल्या एका गड्याचं इटलीशी नातं त्याच्या कितीतरी आधीचं. निमज गावचे नामदेव जाधव.

साल १९४५. इटलीत जर्मन सैन्य सेनिओ नदीच्या आड दबा धरून बसलेलं. एड्रियाटिक समुद्राच्या बाजूचा हा मोर्चा ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीकडे होता. तिला वरून साथ द्यायची 'डेझर्ट एअर फोर्स'. नाव वाळवंटाचं, कारण तिचा जन्म उत्तर आफ्रिकेतला. जोडीला फोज्जियाच्या धावपट्ट्यांवरून उडणारी अमेरिकेची १५ वी एअर फोर्स. समुद्रापलीकडे युगोस्लाव्हियात टिटोच्या गनिमांना मदत करायला 'बाल्कन एअर फोर्स' वेगळी होती.

९ एप्रिलच्या दुपारी ८०० हून जास्त जड बॉम्बर विमानं आली. त्यांनी मुद्दाम तुकडे उडणारे छोटे बॉम्ब टाकले. मोठ्या बॉम्बने जमिनीत खड्डे पडले असते आणि मागून येणारे आपलेच रणगाडे अडकले असते. मग आलटून पालटून तोफा आणि फायटर-बॉम्बर. शेवटची झेप तर नुसती हूल होती: जर्मनांनी डोकं वर काढू नये आणि तेवढ्यात पायदळ पुढे सरकावं म्हणून. काही बॉम्ब मात्र चुकून पोलंडच्या सैनिकांवरच पडले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यानंतर उरलं काय?

उरला तो बांध. नदी जेमतेम १५ फूट रुंद, पण दोन्हीकडचे बांध ३० ते ३५ फूट उंच आणि आतून पोखरलेले. जड बॉम्बरचा मारा मुख्यतः नदीच्या मागच्या भागावर होता. बांधाच्या पोटातल्या मशीनगन त्यातून बचावल्या.

जाधव तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई. वय २३. नदी पार करताच त्यांच्या टोळीवर गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे ठार. धड राहिले एकटे जाधव. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या चढावरून सुरक्षित जागी नेलं. तिसऱ्यांदा परत गेले ते मशीनगनवरच. एक चौकी टॉमी गनने थंड केली. हाताला गोळी लागली तशी बंदूक टाकून दिली आणि हातबॉम्बने आणखी दोन चौक्या उडवल्या. मग बांधावर उभं राहून, तोफगोळे पडत असताना, मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या जवानांना हाताने पलीकडे बोलावलं.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रात्री, त्याच आठव्या इंडियन डिव्हिजनमधल्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही मिळाला. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती लागू झाली. १९८४ मध्ये जाधवांचं निधन झालं.