बालकांचे मेंदूविकासविकार आणि गावपातळीवरील आरोग्यसेवा

मेंदूच्या जडणघडणीतील फरकामुळे बालकाचे बोलणे, लक्ष देणे, शिकणे किंवा इतरांत मिसळणे यांत जे अडथळे येतात, त्यांना मेंदूविकासविकार म्हणतात. स्वमग्नता, अतिचंचलता आणि अध्ययन अक्षमता हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. वाशिम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो, त्यामुळे अशा बालकाची पहिली ओळख आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांनाच पटवावी लागते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित असून, फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे आणि विकासात मागे वाटणाऱ्या बालकास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नये. प्रथम श्रवणशक्ती तपासून घ्यावी. शाळापूर्व वयातील अतिचंचलतेत औषधाआधी पालकांचे प्रशिक्षण, म्हणजे ठरलेली दिनचर्या, छोट्या सूचना आणि चांगल्या वागण्याचे तत्काळ कौतुक, यांवर भर दिला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिल्याने निदान हे कलंक न ठरता हक्काची वाट ठरू शकते.