रशियाला जाताना आधी भाषा

नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीसारख्या गावातून डॉक्टर व्हायला रशियाला जाणाऱ्यांच्या घरी धसका असतो तो थंडीचा. पण वसतिगृहं हिवाळ्यात उबदार असतात. पहिल्या दिवसांत खरं अडतं ते भाषेपाशी. मायग्रेशन कार्ड, पत्त्याची नोंदणी, बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी, बहुतेक कारभार रशियनमध्ये. ‘शिक्षण तर इंग्रजीत असतं ना?’ वर्गात असेल. वॉर्डातला रुग्ण आपलं दुखणं रशियनमध्येच सांगणार. आणि इकडून जाणारी मुलं भाषेत कच्ची, हे मला मुळीच पटत नाही. घरी मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती बोलणाऱ्या नवापूर तालुक्यातल्या मुलांना आणखी एक भाषा जड नाही. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत. इंग्रजी ‘पी’सारखं दिसणारं तिथे ‘र’ असतं, ‘एच’सारखं दिसणारं ‘न’. निघण्यापूर्वी महिनाभर ती गिरवली, तर औषधाच्या दुकानाची पाटी पहिल्याच दिवशी वाचता येते.